निवृत्त न्यायाधीशांवर आरोप केला, आता माफी मागू का?

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणाऱ्या ताई ३६ वर्षांच्या आहेत आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्हा न्यायालयात ११ वर्षं दिवाणी कामं चालवतात. एका वयस्कर अशील बाईंचा वडिलोपार्जित जमिनीतल्या हिश्श्याचा दावा त्यांनी खालच्या कोर्टात जिंकला होता. बाईंच्या तीन भावांनी अपील केलं आणि २०२२ साली जिल्हा न्यायाधीशांनी तो निकाल फिरवला. उच्च न्यायालयातलं दुसरं अपील अजून ॲडमिशनलाच, म्हणजे सुनावणीसाठी दाखल करून घ्यायचं की नाही या टप्प्यावरच आहे. मधल्या काळात ते न्यायाधीश निवृत्त झाले आणि वकील संघाने त्यांचा सत्कार ठरवला. सत्काराची सूचना संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली, तेव्हा ४०० वकिलांसमोर ताईंनी लिहिलं, ‘न्यायासनावर बसून ज्यांनी सौदे केले त्यांचा सत्कार कशासाठी?’ स्क्रीनशॉट बाहेर गेला. आता त्या निवृत्त न्यायाधीशांची नोटीस आली आहे: १५ दिवसांत सत्काराच्या व्यासपीठावर उभं राहून माफी मागा, नाहीतर कोर्टाच्या अवमानाची कारवाई करू आणि बार कौन्सिलकडे तक्रारही करू. ज्येष्ठ वकील म्हणतात, माफी मागून मोकळी हो. बरोबरीचे म्हणतात, माणूस रिटायर झाला, आता कसला कंटेम्प्ट, उत्तरच देऊ नकोस. काही जण सत्कारावर बहिष्काराचा ठराव करायला निघाले आहेत. ताई विचारतात, निवृत्त माणसाच्या बाबतीत कोर्टाचा अवमान होतो का? आणि मनात नसलेली माफी मागावी का? त्यांनी पुढे लिहिलंय, ‘पुरावा माझ्याकडे नाही, पण सगळ्या कोर्टाला माहीत आहे.’

ताई,

तुमचं पत्र मी रात्री वाचलं आणि सकाळी पुन्हा वाचलं. हरलेल्या दाव्याचं दुःख अशिलाइतकंच वकिलालाही होतं, हे बाहेरच्या लोकांना सहसा कळत नाही. तुमच्या पत्रात नोटिशीबद्दल आठ ओळी आहेत आणि त्या आजींबद्दल अडीच पानं आहेत. त्यावरूनच कळतं की हा राग स्वतःसाठी आलेला नाही.

तुमचं शेवटचं वाक्य मी बाजूला लिहून ठेवलंय, त्याकडे नंतर येते. आधी तुम्ही विचारलेल्या कायद्याबद्दल.

न्यायालय अवमान अधिनियम १९७१ सालचा आहे. आदेश जाणूनबुजून न पाळणं हा दिवाणी अवमान. न्यायालयाची अप्रतिष्ठा करणं, चालू प्रकरणात बाधा आणणं, न्यायदानाच्या कामात अडथळा आणणं हा फौजदारी अवमान. तुमच्या बाबतीत प्रश्न आहे तो या दुसऱ्याचा. हा कायदा खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या मानासाठी केलेला नाही. समोर उभ्या राहणाऱ्या पक्षकाराचा त्या खुर्चीवर विश्वास राहावा म्हणून तो आहे. १९५३ साली सर्वोच्च न्यायालयासमोर नेमका वकिलांचाच मामला आला होता. मुजफ्फरनगरच्या वकील संघाच्या कार्यकारिणीने दोन न्यायिक अधिकाऱ्यांविरुद्ध ठराव करून तो वरिष्ठांकडे पाठवला होता. उच्च न्यायालयाने त्यांना दोषी धरलं. सर्वोच्च न्यायालयाने मात्र स्पष्ट केलं की न्यायाधीशाची व्यक्ती म्हणून झालेली बदनामी वेगळी आणि न्यायालयाचा अवमान वेगळा. लोकांचा न्यायदानावरचा विश्वास ढळेल असं काही घडलं का, हे बघावं लागतं. ठरावाचा गाजावाजा झालेला नव्हता, तो योग्य अधिकाऱ्यांकडेच गेला होता, याचाही विचार तिथे झाला.

म्हणजे तुमच्या बरोबरीच्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. निवृत्त गृहस्थ सोसायटीच्या सभेत भांडले आणि कुणी त्यांना टाकून बोललं, तर तो कोर्टाचा अवमान नाही. पण तुमचं वाक्य पुन्हा वाचा. ‘न्यायासनावर बसून ज्यांनी सौदे केले.’ माणूस आज घरी बसलेला असला तरी आरोप तो खुर्चीवर होता त्या काळावर आहे, म्हणजे त्या न्यायालयातून बाहेर पडलेल्या निकालांवर आहे. प्रशांत भूषण यांच्यावर ट्विटसाठी झालेली २०२० ची कारवाई आणि १ रुपयाचा दंड सगळ्यांच्या लक्षात आहे. त्यांच्यावरचं दुसरं, जुनं प्रकरण तुमच्या प्रश्नाला जास्त जवळचं आहे. २००९ साली एका साप्ताहिकाला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी माजी सरन्यायाधीशांबद्दल भ्रष्टाचाराचं विधान केलं होतं. त्यावरून सुरू झालेली अवमानाची कारवाई, त्यांचं स्पष्टीकरण आणि माफी लक्षात घेऊन, ऑगस्ट २०२२ मध्ये बंद झाली. विधान निवृत्तांबद्दल होतं म्हणून ते प्रकरण दारातच परत गेलं नाही. १३ वर्षं चाललं. तेव्हा ‘रिटायर झाले, आता काय’ या भरवशावर गप्प बसू नका.

दुसऱ्या बाजूने, नोटिशीतली भाषा वाटते तितकी धारही तिला नाही. फौजदारी अवमानाची कारवाई कुणीही उठून सुरू करू शकत नाही. जिल्हा न्यायालयाच्या बाबतीत ते न्यायालय उच्च न्यायालयाकडे संदर्भ पाठवू शकतं, किंवा राज्याचे महाधिवक्ता अर्ज करू शकतात. उच्च न्यायालय स्वतःहूनही दखल घेऊ शकतं. निवृत्त न्यायाधीश आता स्वतः ‘न्यायालय’ नाहीत. त्यामुळे त्यांना कुणाचं तरी दार ठोठवावं लागेल. प्रकरण चाललंच तर किमान दोन न्यायमूर्तींसमोर चालतं. घटनेपासून एका वर्षानंतर कारवाई सुरू करता येत नाही. शिक्षा जास्तीत जास्त ६ महिने साधी कैद किंवा २००० रुपये दंड किंवा दोन्ही. तीही न्यायदानात खरोखर मोठी बाधा येईल असं वर्तन असेल तरच. वकिलांच्या आपसातल्या ग्रुपवरच्या एका ओळीसाठी तुम्हाला अवमानाची शिक्षा होईल असं मला वाटत नाही. पण ‘वाटत नाही’ एवढंच म्हणते, कारण स्क्रीनशॉट ग्रुपबाहेर गेलाय आणि त्या प्रकरणातलं अपील उच्च न्यायालयात प्रलंबित आहे.

तुमची काळजी तुम्ही चुकीच्या ठिकाणी ठेवली आहे, असं मला वाटतं. अवमान, अवमान करता करता दोन गोष्टी नजरेआड झाल्या आहेत.

पहिली, अब्रुनुकसानी. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं ४९९ आणि ५००. इथे निवृत्तीने काहीच फरक पडत नाही. उलट निवृत्त माणूस एक सामान्य नागरिक म्हणून थेट दंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद देऊ शकतो, कुणाच्या संमतीची गरज नाही. बंद ग्रुप म्हणजे खासगी बोलणं, अशी समजूत असेल तर ती सोडा. ४०० माणसांनी वाचलं, ते प्रसिद्ध झालं. त्याच कलमात अपवादही आहेत. निकाली निघालेल्या खटल्याच्या गुणदोषांवर सद्भावनेने मत दिलं तर ती अब्रुनुकसानी होत नाही. ‘हा निकाल कायद्याला धरून नाही’ असं तुम्ही ४०० काय, चार हजार लोकांत म्हणू शकला असता. ‘सौदा’ या एका शब्दाने तुम्ही त्या अपवादाच्या बाहेर आलात.

दुसरी गोष्ट तुमची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने अवमानासाठी एका ज्येष्ठ वकिलाची सनद ३ वर्षं निलंबित केली होती. त्यावर वकिलांच्याच संघटनेने दाद मागितली आणि १९९८ साली घटनापीठाने ठरवलं की अवमानाची शिक्षा म्हणून सनद काढून घेता येत नाही, ते काम बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीचं आहे. नोटिशीत बार कौन्सिलचा उल्लेख शेवटच्या ओळीत आहे, म्हणून तुम्ही तो सोडून दिलात. मी तुमच्या जागी असते तर तो सगळ्यात आधी वाचला असता. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल गैरवर्तनासाठी ताकीद देऊ शकते, काही काळ निलंबित करू शकते, नाव पटावरून काढूही शकते. एका संदेशासाठी नाव काढतील असं नाही. पण घर तुमच्या कमाईवर चालतं असं तुम्ही लिहिलंय, आणि शिस्तपालनाची चौकशी ही निकाल लागेपर्यंतसुद्धा माणसाला थकवणारी गोष्ट असते.

आता ते वाक्य. ‘पुरावा माझ्याकडे नाही, पण सगळ्या कोर्टाला माहीत आहे.’

सगळ्या कोर्टाला म्हणजे नक्की कुणाला, ताई? पत्रात तुम्ही दोन माणसांचा उल्लेख केलाय. एक कोर्टातला कर्मचारी. दुसरा भावांपैकी धाकट्याचा मेहुणा, ‘आम्ही साहेबांना भेटून आलो होतो’ असं निकालानंतर चहाच्या टपरीवर सांगणारा. तुम्हीही जाणता की कोर्टाच्या आवारात न्यायाधीशाच्या नावाने पैसे उकळणारी माणसं असतात. साहेबांना त्याचा पत्ताही नसतो. निकाल बाजूने लागला तर ‘काम केलं’ म्हणायचं, विरुद्ध गेला तर पैसे परत करून साधू व्हायचं. त्या मेहुण्याने खरंच कुणाला पैसे दिले असतील, तरी ते कुठपर्यंत पोचले हे त्यालाही सांगता येणार नाही. आणि जिंकल्यावर चार लोकांत मिरवायला ‘आमची ओळख आहे’ म्हणणारे तर प्रत्येक गावात आहेत.

तुम्हाला एक विचारते, रागावू नका. ही कुजबुज तुमच्या कानावर निकालाच्या आधी आली की नंतर? आधी आली असती तर प्रकरण दुसऱ्या न्यायाधीशांकडे वर्ग करा म्हणून अर्ज देण्याचा मार्ग होता. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून मी समजते की नंतर आली.

माझी एक जुनी आठवण सांगते. वकिलीच्या तिसऱ्या वर्षी एक दावा हरले आणि बार रूममध्ये येऊन मोठ्याने म्हणाले, ‘विकला गेला निकाल.’ माझे सिनियर तिथेच बसले होते. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी ऑफिसात त्यांनी फाईल माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, तुझा तो खरेदीखताचा कागद किती नंबरच्या निशाणीला लागलाय, ते काढून दे. मी रात्री नऊपर्यंत शोधत होते. कागद फाईलमध्ये होता, पण तो शाबीत करून निशाणी म्हणून लावायचा मी विसरले होते. न्यायाधीशांनी जो पुरावा त्यांच्यासमोर नव्हता तो धरला नव्हता, इतकंच. त्या रात्री घरी जाताना मी बसमध्ये रडले. हरल्याचं रडू दुपारीच येऊन गेलं होतं. ज्या माणसाला मी सगळ्यांसमोर चोर म्हणाले होते, त्याच्यासाठी हे दुसरं रडू होतं.

तुमची केस माझ्यासारखी आहे असं मी म्हणत नाही. तुम्ही निकालपत्रातले उतारे पाठवलेत. ते वाचून मलाही तो निकाल चुकीचा वाटतो. भावांनी १९९६ चं तोंडी वाटप सांगितलं, आधाराला फेरफार दाखवला, आणि न्यायाधीशांनी ते मान्य करून बहिणीचा हिस्सा नाकारला. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः हक्क दिला आणि २० डिसेंबर २००४ च्या आधीच्या वाटपाला संरक्षण दिलं. पण वाटप म्हणजे नोंदणीकृत दस्त किंवा कोर्टाचा हुकूमनामा, असंही सांगितलं. विनीता शर्मा प्रकरणात ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालय म्हणालं की तोंडी वाटपाचा बचाव अपवादानेच स्वीकारावा, तोही सार्वजनिक दस्तऐवजांचा भक्कम आधार असेल तर. २०२२ च्या निकालात नुसत्या फेरफारावर हा अपवाद लावलाय. फेरफार महसुलासाठी असतो, त्याने मालकी ठरत नाही, हे आपण पहिल्या वर्षी शिकतो. दुसऱ्या अपिलाला लागणारा कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न तुमच्या हातात तयार आहे.

पण हेही बघा. १९९६ चा फेरफार, तिघांचे वेगळे गट, २५ वर्षांची वेगळी वहिवाट, हे सगळं समोर असताना एखादा प्रामाणिक न्यायाधीश ‘हाच तो अपवाद’ असं समजून चुकू शकतो की नाही? मला वाटतं चुकू शकतो. आणि तसं असेल तर ‘सौदा’ हा शब्द कशावर उभा आहे? टपरीवरच्या एका बढाईवर.

ज्यांना तुम्ही तो शब्द लावलात त्यांच्या बाजूनेही थोडा विचार करा. न्यायाधीशाने आपल्या निकालाबद्दल बाहेर बोलायचं नाही, जे सांगायचं ते निकालपत्रात, अशी शिस्त आपण त्यांच्याकडून मागतो. ते खुर्चीवर असताना आपण ‘युवर ऑनर’ म्हणतो, ते उतरले की त्यांच्या मागे काहीही बोलतो, आणि तेव्हाही त्यांनी उत्तर द्यायचं नसतं. तुमच्या बाबतीत तर ते खुर्चीवर असताना तुमच्या तोंडून यातलं काहीच निघालं नाही. निवृत्तीनंतर निघालं. तुमचे मित्र जे कायद्याचं कवच म्हणून सांगताहेत, तीच गोष्ट मला यात सगळ्यात जास्त खटकली.

समजा, आरोप खरा आहे. तसं असू शकतं, आणि तशा वेळी गप्प बसा असं मी कधीच सांगणार नाही. पण मग त्याची वाट व्हॉट्सॲपची नाही. अवमानाच्या कायद्याचं कलम ६ याच्यासाठीच आहे: खालच्या न्यायालयाच्या न्यायाधीशाविरुद्ध उच्च न्यायालयाकडे सद्भावनेने केलेली तक्रार हा अवमान नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे नियमही सांगतात की न्यायिक अधिकाऱ्याबद्दल गंभीर तक्रार असेल तर ती योग्य अधिकाऱ्याकडे मांडणं हा वकिलाचा हक्कच नव्हे तर कर्तव्य आहे. सत्य हाही बचाव आहे, २००६ च्या दुरुस्तीपासून कायद्यातच लिहिलेला, पण ते लोकहितासाठी आणि प्रामाणिकपणे मांडलेलं असावं लागतं, आणि ते दाखवायची जबाबदारी मांडणाऱ्यावर येते. तारीख, माणूस, रक्कम, कागद, शपथेवर सांगायला तयार असलेला साक्षीदार, यातलं काहीही हाती लागलं तर उच्च न्यायालयाच्या निबंधकांकडे लेखी तक्रार द्या. लाचलुचपत प्रतिबंधक कायद्यालाही निवृत्तीचं वावडं नाही.

तुमच्या पत्रात तुम्ही गांधीजींचा दाखला दिलाय की त्यांनीही मुंबई उच्च न्यायालयाची माफी मागितली नव्हती. दाखला खरा आहे. अहमदाबादच्या जिल्हा न्यायाधीशांनी सत्याग्रहाची प्रतिज्ञा घेणाऱ्या वकिलांविरुद्ध उच्च न्यायालयाला लिहिलेलं पत्र १९१९ साली ‘यंग इंडिया’त छापल्याबद्दल त्यांच्यावर आणि महादेव देसाईंवर अवमानाची कारवाई झाली. न्यायालयाने सुचवलेली माफी त्यांनी नाकारली आणि १९२० साली न्यायालयाने समज देऊन प्रकरण संपवलं. पण ताई, त्यांनी छापलेलं पत्र खरं होतं आणि ते त्यांच्या हातात होतं. म्हणून त्यांना माफी न मागता उभं राहता आलं. तुमच्या हातात काय आहे?

म्हणून माझा सल्ला असा. ‘मनात नसलेली माफी मागू का’ या प्रश्नात तुम्ही दोन गोष्टी एकत्र बांधल्यात, त्या आधी सोडवा. निकाल चुकीचा आहे हे तुमचं मत आहे, ते मागे घेण्याची काही गरज नाही, नोटिशीत तशी मागणीही नाही. सौदा झाला हे विधान तुम्हाला सिद्ध करता येत नाही, तर ते मागे घ्यायचं. विनाअट. ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ हे शब्द त्यात आणू नका, कारण मग दोष तुमच्या शब्दांचा न राहता समोरच्याच्या भावनांचा होतो, आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं. माझ्या मते मजकूर इतकाच असावा: ‘या ग्रुपवर मी निवृत्त जिल्हा न्यायाधीशांविषयी जे लिहिलं त्याला माझ्याकडे पुरावा नव्हता आणि आजही नाही. ते लिहायला नको होतं. ते विधान मी मागे घेते आणि त्यांची माफी मागते. ज्यांनी तो संदेश पुढे पाठवला त्यांनी हाही तिथे पाठवावा.’ निकालाबद्दल यात चकार शब्द नको. तो अपिलाचा विषय आहे.

हा मजकूर टाकण्याआधी दुसऱ्या वकिलाला दाखवा. स्वतःची नोटीस स्वतः हाताळू नका, आपल्याच केसमध्ये आपलं डोकं चालत नाही. लेखी माफी ही कबुलीही असते, अब्रुनुकसानीच्या फिर्यादीत ती तुमच्याविरुद्ध वापरता येते, हे माहीत असून मी हा सल्ला देते आहे. नोटिशीच्या उत्तरातच ‘विधान मागे घेतलं असून विषय इथे संपावा’ अशी विनंती करा आणि शक्य असेल तर दोघांना मान्य असलेल्या ज्येष्ठांकरवी त्यांच्याकडून तसं लेखी घ्या. मूळ संदेशाची नोंद तारखेसकट जपून ठेवा, मग ॲडमिनला सांगून तो काढायला लावा. उत्तर जाण्याआधी एकटीने त्यांच्या घरी जाऊ नका.

व्यासपीठाचं काय? तिथे उभं राहून माफी मागायची मागणी मान्य करू नका. जिथे बोललात तिथे मागे घ्यायचं, जितक्या लोकांनी वाचलं तितक्यांना कळेल असं बघायचं, एवढंच तुमच्याकडून येणं आहे. हारतुरे, फोटो, समोर चारशे खुर्च्या आणि माईकपाशी एक स्त्री खाली मान घालून उभी, याने कुणाचीही प्रतिष्ठा परत येत नाही. उत्तरात हे नम्रपणे पण स्पष्ट लिहा. हीच भाषा पुरुष वकील बार रूममध्ये रोज वापरतात आणि नोटीस मात्र मला आली, असं तुम्ही म्हणता. ते खरंही असेल. पण त्यांचं बोलणं हवेत विरलं आणि तुमचं लेखी राहिलं, आणि तुमच्या लिहिण्याचं उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे.

बहिष्काराच्या ठरावाला आजच नाही म्हणा. एका सहीचा बिनपुराव्याचा आरोप ४० सह्यांचा झाला म्हणून त्याला पुरावा मिळत नाही, फक्त ४० वकील अडचणीत येतात. १९९५ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या तत्कालीन मुख्य न्यायमूर्तींविरुद्ध वकील संघटनांनी ठराव केले होते, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं होतं की माहितीची खातरजमा करून ती न्यायव्यवस्थेतल्या वरिष्ठांपुढे ठेवावी, दबाव आणू नये. तुमचा निषेध असेल तर सत्काराला जाऊ नका. न जाण्यासाठी कुणाचीही परवानगी लागत नाही आणि कारणही द्यावं लागत नाही.

अशाच अडचणीतल्या इतर वाचकांसाठी एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण निवृत्त न्यायाधीश नेहमी घरीच बसलेले नसतात. ते लवाद असतील आणि लवादाच्या कामकाजात कुणी अवमान केला, तर १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम २७ खाली लवाद न्यायालयाला कळवू शकतो आणि शिक्षा न्यायालय देतं. चौकशी आयोगाचं थोडं वेगळं आहे. १९९० साली एका इंग्रजी दैनिकाच्या अग्रलेखात न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगावर टीका झाली, तो प्रश्न २०१४ साली घटनापीठाने सोडवला: आयोगाचे प्रमुख सर्वोच्च न्यायालयाचे विद्यमान न्यायमूर्ती असले तरी आयोग म्हणजे अवमानाच्या कायद्यातलं ‘न्यायालय’ नव्हे. मात्र १९५२ च्या चौकशी आयोग कायद्यात आयोगाची किंवा सदस्याची अप्रतिष्ठा करण्याला ६ महिन्यांपर्यंतची कैद स्वतंत्रपणे सांगितली आहे. तेव्हा ‘निवृत्त’ हा शब्द ऐकला की आधी विचारा, सध्या ते कोणत्या पदावर आहेत?

शेवटी त्या आजींबद्दल. तुम्ही लिहिलंय, त्या आता म्हणतात, ‘पैसे असते तर आपणही जिंकलो असतो.’ हे वाक्य त्यांना कुणी शिकवलं, याचा विचार करून मला वाईट वाटलं. ७१ वर्षांची बाई दर तारखेला एसटीने कोर्टात आली, कारण तिथे आपलं ऐकून घेतात असं तिला वाटत होतं. आता तिचं अपील उच्च न्यायालयात आहे आणि तिचा त्यावर विश्वास उरलेला नाही. नोटिशीचं उत्तर गेलं की एक दिवस काढून त्यांच्या गावी जा. निकालपत्र सोबत न्या. न्यायाधीशांनी काय धरलं, ते आपल्याला का चूक वाटतं, आणि २०२० च्या निकालात काय सांगितलंय, हे त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगा. टपरीवरची गोष्ट मी तुमच्यापर्यंत आणायला नको होती, असंही सांगा. मग मुंबईच्या वकिलांना फोन करून अपील ॲडमिशनला लवकर घ्यावं म्हणून अर्ज द्यायला सांगा, आणि अशिलाचं वय त्यात ठळकपणे लिहायला विसरू नका.